उरलेल्या गोळ्या

चि. दिपेश,

हेही पत्र बहुधा वहीतच राहील. आईच्या दिवसकार्यात तू सगळ्यांना सांगत होतास, "ताई होती म्हणून आई नाशिकपर्यंत तरी पोचली."

वर्षभर तिला ताप आला की मी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या द्यायचे, उतार पडला की बंद करायचे. नाशिकच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही औषधं दिलीत?" मला, शिक्षिकेला, लाज वाटली. "नाही," म्हटलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तिच्या रक्तातले जंतू चालू औषधाला दाद देत नव्हते. आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी दुसरं दिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ती वाचलीच असती, असं नाही म्हणाले.

मी खोटं बोलले तेव्हा आई शुद्धीवर होती. माझं तोंड बघून तीही म्हणाली, "नाय डॉक्टर, कंचीच गोळी नाय खाल्ली."

तुझी ताई,
मीना