आज गादी उन्हात टाकली नाही

मिसुझु,

मी आतल्या खोलीत झोपले आहे, उठवू नकोस. काल नागिणीची लस घेतली. तुला सांगितलं होतं, तेव्हा तू फोनमधून मान वर न काढता नुसतं "हं" म्हणालीस.

दंड सुजलाय, थोडा ताप आहे, अंग ठणकतंय. घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टर आधीच म्हणाले होते, दोन-तीन दिवस असं होतं आणि आपोआप जातं. क्वचित कुणाच्या अंगावर पित्त उठतं, धाप लागते, म्हणून अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं. मला काही झालं नाही. नागीण होऊन महिनाभर कण्हण्यापेक्षा हे परवडलं. दुसरा डोस दोन महिन्यांनी, तोही घेणार.

भात कुकरमध्ये आहे. मिसो सूप तुझं तू गरम कर, माझ्याच्यानं पातेलं उचलवत नाही.

हात वर जात नाही म्हणून आज रोजच्यासारखी गादी गॅलरीत उन्हात टाकली नाही. नऊच्या ठोक्याला समोरच्या कुवाबाराबाईंचा फोन! "गादी दिसली नाही, बऱ्या आहात ना?" त्यांना समोरच्या इमारतीतून कळलं. तू सकाळी माझ्या दारावरूनच गेलीस.

काल नर्सनं विचारलं, "एक-दोन दिवस लक्ष ठेवायला घरी कुणी आहे ना?" मी ऐटीत सांगितलं, "मुलगी आहे की!"

तेव्हा जेवण झालं की एकदा दार उघडून बघ. उठवलंस तरी चालेल.

आई