नगरसेविकेचा नवरा मागाच्या खड्ड्यात

दारासुरम्, कुंभकोणम
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप मुकुंदअण्णांस,

तुमच्या धाकट्या राधाकृष्णाचा उभ्याउभ्याच नमस्कार पावावा. (वाकून करावयाचा होता, पण सोमवारपासून कंबर वाकत नाही. कारण पुढे येईल.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली असेल, असं धरून लिहितो. दिली नसल्यास सूनबाईंकडून वाचून घेऊ नका. गेल्या खेपेस पुण्यास आलो तेव्हा मी "जेवण झाल्यावर घटकाभर निजेन" म्हटलं, तर त्या हसत हसत स्वयंपाकघरात गेल्या आणि काका बखरीतून उठून आल्यासारखे बोलतात म्हणाल्या. बखरीत कुणी दुपारचं निजत नसावं. वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे गायत्रीची प्रकृती उत्तम. तिची प्रकृती उत्तम असते तेव्हा माझी बिघडते, हे तुम्हांस ठाऊकच आहे.

फोन का केला नाहीस, असं विचाराल. फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच "मुद्द्याचं बोल" म्हणता, आणि मुद्दा सांगितला की ओरडता. पत्रावर कितीही ओरडलं तरी लिहिणाऱ्यास ऐकू येत नाही. शिवाय हे पत्र मी एका जागी बसून लिहीत नाही. दोन ओळी लिहितो, दारापर्यंत जातो, परत येतो. कॉफी तिसऱ्यांदा निवली. तेव्हा अक्षर जिथे हललेलं दिसेल तिथे मी नुकताच उठून आलो आहे असं समजावं.

गायत्री सतरा मतांनी नगरसेविका झाली हे तुम्हांस कळवलंच होतं. (त्यातलं एक माझं, असं मी चारचौघांत सांगतो. ती म्हणते, गुप्त मतदानात तुमचा काय भरवसा?) तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने राजकारणात जाऊ नये, अण्णा. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतंच, आणि ते पुस्तकाच्या मागच्या पानावर नसलं तरी काढता येतं, असं तिला वाटतं. निवडून आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने जाहीर केलं की दर शनिवारी सकाळी सात ते नऊ ती पिळ्ळैयारच्या देवळापुढे म्हणजे आपल्या गणपतीपुढे, करंजाच्या झाडाखाली उभी राहील आणि ज्याची जी तक्रार असेल ती ऐकेल. उभीच का, तर खुर्ची मांडली की लोक विनंत्या करतात, उभं राहिलं की तक्रारी करतात. ती उभी म्हणून मीही उभा. माझ्या हाती वही. वॉर्डातली निम्मी माणसं तिच्या हाताखाली शिकून गेलेली, त्यामुळे कुणी "टीचर, चार दिवे बंद आहेत" म्हटलं की ती विचारते, चार की पाच, मोजून सांग. आणि तो बिचारा पन्नाशीचा गृहस्थ खरोखर मोजायला परत जातो.

तक्रारी तरी कसल्या! एकाला शेजारच्याचा कोंबडा पहाटे तीनला आरवतो म्हणून कोंबड्यावर नोटीस हवी. एका बाईला मुलासाठी सरकारी नोकरीतली मुलगी हवी, आणि ती नगरसेविकेने शोधली म्हणजे हुंड्याचं बोलणं निघणार नाही असा तिचा हिशेब. एक निवृत्त स्टेशनमास्तर दर शनिवारी शिस्तीत रांगेत उभे राहतात आणि पाळी आली की सांगतात, माझी काही तक्रार नाही. तेही लिहून घ्यावं लागतं. नाही लिहिलं तर तीच त्यांची तक्रार होते.

पण गेल्या शनिवारी नागलक्ष्मी आली. आपल्या रस्त्याच्या वरच्या टोकाला ती रेशमी पट्टुसाड्या विणणारी घरं आहेत ना, त्यांतलं तिसरं. नवरा सुंदरेश आणि ती, दोघं मिळून एकाच मागावर विणतात. ती रांगेत ओरडली नाही. तिने सांगितलं की पाऊस झाला की नाल्याचं पाणी उलटं फिरून घरात येतं आणि मागाचा खड्डा भरतो. विणणाऱ्याने पाय सोडून बसायचं ते त्याच खड्ड्यात. ओल वर चढते, रेशमाचा ताणा चिकटतो, धागे तुटू लागतात. मागावर कुणाच्या तरी लग्नाची साडी आहे, पदर तेवढा राहिला आहे, आणि तो पंधरा दिवसांत उतरायला हवा. मी लिहायला लागलो, तर म्हणाली, "लिहू नका सार. मागच्या नगरसेवकांनीही लिहिलं होतं. एकदा येऊन खड्ड्यात बसून बघा."

आपल्या वहिनी असत्या तर "बरं, बघू" म्हणाल्या असत्या. गायत्रीने हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थ्याला, म्हणजे पालिकेतल्या विश्वेश नावाच्या इंजिनिअरला, तिथल्या तिथे फोन लावला. तो सोमवारी सकाळी दहाला येतो म्हणाला, आणि सांगायला हरकत नाही, दहाच्या आधी पाच मिनिटं आला. टीचरच्या तासाला उशिरा येण्याची त्याची अजून छाती नाही. प्रश्न एवढाच होता की खड्ड्यात कोण बसणार. सुंदरेशला नाला दाखवायचा होता. गायत्रीचे गुडघे. राहिला कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. बसलेल्या माणसाला पाणी कुठवर येतं हे इंजिनिअरला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असं ती म्हणाली, आणि मी धोतर वर खोचून फळीवर बसलो. पाणी नडगीपर्यंत, गार, आणि त्याला वास होता तो मी या पत्रात लिहीत नाही कारण वहिनीही वाचतील.

अण्णा, मी दहा मिनिटं एका जागी बसू शकत नाही हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. मुंजीत मी होमाभोवती किती वेळा उठलो ते तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता. तरी मी पंचवीस मिनिटं बसलो. बाहेर ती मंडळी नाला बघत होती. समोर तो ताणा पसरलेला, कुंकवाच्या रंगाचा, इतका बारीक की धागा दिसत नाही, नुसता रंगच ताणलेला दिसतो. मी मनात म्हणत होतो की आपण काही हात लावायचा नाही. तेवढ्यात पाण्यातून काहीतरी मऊ माझ्या पायावर चढलं. (बेडूक होता. नंतर सगळ्यांनी पाहिला. लहान होता. पण ते मला पाण्याखाली कसं कळणार?) मी दचकून दोन्ही पाय पायाखालच्या पट्ट्यांवर गच्च दाबले, उठायला गेलो, घसरलो, आणि तोल सावरायला जे हाताला लागलं ते धरलं.

तो ताणा होता. तुटताना आवाज फार होत नाही. वाळकी पानं चुरावी तसा.

नेमका त्याच क्षणी विश्वेश दारातून वाकून आत बघत होता. आधी कधी मला पाहिलेलं नसल्यामुळे त्याने मलाच विणकर समजून मोठ्या अदबीने विचारलं, "अय्या, किती वर्षं विणता?" आणि माझ्या नडगीपर्यंतचं पाणी दिसेल असा फोटो काढला. संध्याकाळपावेतो तो वॉर्डाच्या व्हॉट्सअॅपवर फिरत होता, खाली कुणीतरी लिहिलं होतं की नगरसेविकेच्या यजमानांनी उतारवयात धंदा बदलला. आपल्या घराण्यात तंजावरच्या दरबारी कारकुनी करणारे होते, मोडी लिहिणारे होते. विणकर मीच पहिला, आणि तोही तोडणारा.

नागलक्ष्मी आत आली. मी तिला काय काय म्हणालो ते आठवत नाही, निम्मं तमिळमधून आणि निम्मं घाबरून मराठीतून. किती धागे गेले, असं मी पुन्हा पुन्हा विचारत होतो. ती खाली बसली, तुटकी टोकं बोटांत धरली आणि म्हणाली, "मोजू नका सार. मोजलं की रडू येतं. एकेक बांधायचा." आणि बांधायला लागली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता तुमच्याशी संबंध असलेला भाग. (दारापर्यंत जाऊन आलो.) विश्वेश, सुंदरेश, गायत्री आणि मागोमाग सगळी गल्ली, असे नाल्याच्या काठाने खाली खाली आले. दर घरापाशी विश्वेश बांबू घालून बघे. मोकळं. पुढचं घर, मोकळं. असं करत वरात रस्त्याच्या शेवटच्या घराशी आली, जिथून पाणी कालव्यात पडायचं. तिथे बांबू अडला. विश्वेश बांबू हातात धरून आभाळाकडे बघत उभा राहिला.

"विश्वेश," गायत्री म्हणाली, "उत्तर येत असून गप्प बसणाऱ्याचे मी गुण कापत होते. आठवतं ना?"

"टीचर," तो म्हणाला, "तो तुमच्या ओट्याखाली आहे."

आपला ओटा, अण्णा. म्हणजे खरं सांगायचं तर तुमचा. मूळचा ओटा घराच्या हद्दीतच होता. तुमची कुंभकोणमला बदली झाली तेव्हा संध्याकाळी मित्रमंडळी ऐसपैस बसावीत म्हणून तुम्ही तो चार हात पुढे घेतलात, आणि खाली नाल्याला जो नळा घातलात तो इतका अरुंद की त्यातून मांजरही अंग चोरून जाईल. दोष देत नाही. मीही रोज सकाळी त्याच ओट्यावर बसून पेपर वाचत आलो आणि वरच्या गल्लीत पाणी साचतं म्हणून सरकारला नावं ठेवत आलो.

गायत्रीने तिथेच, चाळीस माणसांसमोर सांगून टाकलं की ओटा पडेल. आणि मी, ज्याच्या धोतराला अजून त्या खड्ड्याचं पाणी लागलेलं होतं, मी काय केलं? मी पुढे होऊन म्हटलं की घर दोघा भावांच्या नावावर आहे, मोठ्या भावास विचारल्याशिवाय एक वीटही हलणार नाही. कायद्याने बरोबरच होतं. लोक पांगले. सुंदरेशने जाताना मला नमस्कार केला, नेहमी करतो तसाच. तेव्हापासून मला ओट्यावर बसवत नाही.

मंगळवार-बुधवार मी नागलक्ष्मीकडे जाऊन बसलो. मदत म्हणून नव्हे. तिने सक्त ताकीद दिली होती की हात मांडीखाली ठेवून बसा. तिने आणि सुंदरेशने मिळून बुधवारी दिवेलागणीला शेवटचा धागा बांधला. गाठी मला शोधूनही दिसेनात. एवढं झाल्यावर तुमच्या परवानगीवाचून पुढे काही करणं मला योग्य वाटत नाही, आणि तुम्ही वडील भाऊ, तुम्ही म्हणाल तसंच होईल. घाई नाही. शांतपणे विचार करून कळवावं. वहिनींस नमस्कार, नातवंडांस आशीर्वाद, सूनबाईंस बखरीतून शुभेच्छा.

तुमचा,
राधाकृष्ण

ता. क. सोबत एक संमतिपत्र जोडलं आहे. मजकूर गायत्रीचा असल्यामुळे चूक नसावी. खाली सही करून उलट टपाली, स्पीड पोस्टाने पाठवावं. शांतपणे विचार सही केल्यावरही करता येईल. तारीख मात्र या बुधवारची घालावी.

ता. क. २. बुधवारचीच का, असं तुम्ही विचाराल म्हणून लिहितो. ओटा गुरुवारी पडला. तुम्हांस गायत्रीचा स्वभाव ठाऊकच आहे, तिच्यापुढे माझं काय चालतं? तेव्हा रागावायचं असल्यास तिच्यावर रागवावं.

ता. क. ३. गायत्रीने आत्ता पत्र वाचलं. म्हणते, खोट्या तारखेचा कागद माझ्या नावाला लागला तर मी दुसऱ्याच दिवशी राजीनामा देईन, आणि दुसरं ता. क. खोडा. खोडत नाही, खरं काय ते खाली लिहितो. गुरुवारी ती सभेला गेली होती. तिने फक्त मापं घेऊन ठेवली होती. तुमच्या सहीशिवाय हात लावायचा नाही असं तिचंच म्हणणं होतं. अकराला पाऊस धरला. मी दारात उभा होतो. पाणी नळ्याशी येऊन थांबत होतं आणि मागे फिरत होतं, मला ते दिसत होतं. समोरच्या बांधकामावरून पहार मागून आणली. पहिला घाव मीच घातला, अण्णा, दुसराही. तिसऱ्याला कंबर गेली, वर सोमवार लिहिलं ते खोटं. सुंदरेश पावसातून धावत आला तो मला थांबवायला, असं मला वाटलं. त्याने पहार घेतली आणि उरलेलं काम केलं. पाणी असं सुटलं की आम्ही दोघं मागे सरलो. वरच्या घरात खड्डा कोरडा राहिला. पदर चार बोटं पुढे गेला आहे, आज सकाळीच बघून आलो.

तेव्हा तारीख खरी असेल ती घाला, आणि ओरडायचं असेल तर इथेच येऊन ओरडा. फक्त रात्रीच्या गाडीने येऊ नका. दार आता रस्त्यापासून तीन हात उंच राहिलं आहे आणि मध्ये नुसती फळी आहे. वहिनींना मी हात धरून वर घेईन. तुम्ही मात्र बेताने चढा, फळी एका बाजूला उचलते.