अण्णाची उभी नळी

चिंचवड, रविवार, मार्च १९५७

आज अण्णाचे सहकारी पुण्याहून त्याची काचेची नळी न्यायला आले. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रतळाचा गाळ तिच्यात होता. पूर्वी कधी थंडी वाढली, कधी ओसरली, हे त्याच्या थरांवरून अण्णा शोधत होता. थर मिसळू नयेत म्हणून नळी कायम उभी धरायचा.

अण्णाचं सुतक फिटल्यावर आईनं घर धुतलं, त्यात नळीही.

"चिखलानं बरबटली होती हो. लख्ख केली बघा!"

आता हे खरं सांगणार, आपण काय धुतलं ते आईला कळणार.

त्यांनी नळी हातात घेतली. "बरं केलंत, आई. आमचं काम वाचलं."

रिकामी नळी घेऊन निघाले. वळणापर्यंत बघत राहिलो. उभीच धरली होती.