अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी मागितलेली माफी

आई, हे लिहायचं मी किती वर्षं ढकलत आलोय. कधी पेन नव्हतं, कधी मुक्कामच बदललेला असायचा. खरं म्हणजे काय लिहायचंय ते माहीत होतं, म्हणूनच टाळत होतो. आता करंजाड्यात भाड्याच्या खोलीवर बसलोय. समोर टॉवर चढतोय, त्याची क्रेन बघण्यात सगळी दुपार गेली. तिथं वर बसायचं काम आपल्याला देतील का, विचारून बघणार होतो... असो. मी तुझ्यावर चिडलोय.

आण्णा माथाडींच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि तू आमची आई कमी, सगळ्यांची वहिनी जास्त झालीस. पहिल्या रांगेतली खुर्ची, शाल, नारळ, बॅनरवर आण्णांच्या खांद्याला खेटून तुझा फोटो. कुणी माथाडी गेला की त्याच्या घरी पहिली तू पोचायचीस. त्याच्या बायकोला जवळ घेऊन बसायचीस, बळंच चहा पाजायचीस. ते मनापासून असायचं, हे मला कळायचं. शाळेतून आल्यावर दाराला कुलूप दिसायचं तो राग वेगळा, तो राहू दे.

संक्रांतीचं हळदीकुंकू. सोसायटीच्या हॉलमध्ये तू वाण देतेयस, बायकांची रांग लागलीये. एक काकू मागे तिळगुळाची ताटं भरतेय. तिच्या नवऱ्याच्या अंगावर गोण्यांची थप्पी कोसळली होती, त्याला वर्षही झालेलं नाही. तू जाऊन तिचा हात धरतेस, ओढत पुढे आणतेस आणि कपाळाला कुंकू टेकवतेस. "अवो वैनी, काय करताय!" "गप उभी ऱ्हा." आई, काय भारी वाटली होतीस तू मला!

आणि त्याच महिन्यात, मार्केटच्या सत्यनारायणाला, तूच माईक हातात घेतलास. "माझ्या हातून चूक झाली, मोठ्या मनानं माफ करा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू त्याच मांडवात मागे बसली होती. तिला कुंकू लावणं ही चूक, हे तू तिच्या तोंडावर, लाउडस्पीकरवरून सांगितलंस. टाळ्या थांबायच्या आत ती उठून गेली. पुढे साताऱ्याकडे गावालाच गेली. मी विचारलं तर म्हणालीस, "तुझा बाप निवडणुकीत पडला असता रे." पडले असते तर पडले असते! आभाळ कोसळलं असतं का?

आता दादा अध्यक्ष आहे. परवा त्याच्या बायकोनं, माझ्या वैनीनं, हळदीकुंकवाला माथाडींच्या सगळ्या विधवांना घरोघरी जाऊन बोलावलं, रांगेत घेतलं, कुंकू लावलं. कमिटी खवळली. उद्या सत्यनारायण आहे, तिथं तिनं माफी मागायची, याला दादाही मान डोलावून बसलाय. काल मी जुईनगरच्या घरी होतो. आण्णा तिला म्हणाले, "पोरी, तुझ्या सासूनं बी मागितली हुती. ल्हान झाली का ती?" मेल्यावरही तू आण्णांच्या शेजारी खुर्चीवर बसलेलीच!

मी म्हणालो, "आण्णा, आईला मधी आणू नका."

"तू कोण रे? एका जागी बूड टेकत न्हाई तुझं, आन मला शिकवतो!"

ते खोटं नाही. पुढच्या महिन्यात मी बहुतेक मालवणला चाललोय, बोटीवर काम मिळतंय. पण आज वैनी फोन उचलत नाहीये आणि मला भीती वाटतेय, की ती उद्या तुझीच वाक्यं पाठ करून म्हणेल.

हे कुठे पाठवणार मी? आणि एक सांगून टाकतो. तुझे शब्द आठवतात, पण घरातला आवाज आठवत नाही. जेवलास का, उशीर का झाला, असलं काहीतरी विचारत असशील ना? मला ऐकू येतो तो फक्त माईकमधला.

थांब, दार वाजतंय.

दादा आलाय. या खोलीवर आजवर कधी फिरकला नव्हता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला बॅग, चेहरा पार उतरलेला. "हिनं घराबाहेर काढलं मला," म्हणतोय. "म्हनली, तुला चूक वाटत आसंल तर माईक तू धर."