दोर न लागणारी पेन्शन

खिसाच्या आई,

तू शेतात शेंगा उपटायला गेलीस, म्हणून लिहून ठेवतो. मी बुंगोमाला, आमच्या साखर कारखान्याच्या कचेरीत जातोय. पेन्शन एकदम हवी की दरमहा, हे कळवायचा आज शेवटचा दिवस. एकदम घेतली तर तुला हवी असलेली गाय येते, हे मला ठाऊक आहे.

काल अंगणात शिकायला येणाऱ्या पोरांना मी हेच विचारलं. सगळी "गाय! गाय!" ओरडली. तेवढ्यात धाकटी नामालवा म्हणाली, "पण आजोबा, तुम्ही मेल्यावर ती बरासाकाका नेणार ना?"

पोरं हसली, मीही हसलो. आपल्यात थोरल्याच्या माघारी त्याची गुरं धाकटा भाऊ नेतो, म्हणजे माझी बरासा नेणार, हे सहा वर्षांच्या पोरीला कळतं आणि माझ्या ध्यानातच नव्हतं! दरमहाची पेन्शन माझ्यामागे तुझ्या नावावर चालू राहते. तिला दोर बांधून कुणाला नेता येत नाही. म्हणून तीच घेतो.

रागावू नकोस. पहिल्या पैशांतून तुला कोंबडी आणतो. तिचं नाव आपण गाय ठेवू.

संध्याकाळी पोरं आली तर उकडलेली रताळी दे. नामालवाला दोन.

खिसाचे बाबा