ओटीच्या उंचीची जीप

तासगाव,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. ब्राह्मी हिला,

जय जिनेंद्र आणि आशीर्वाद. खरं म्हणजे तुला आता आशीर्वाद द्यायचा की तुझ्याकडून घ्यायचा, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. दीक्षा होईपर्यंत तरी तू माझी मुलगी आहेस असं धरून देतो. चुकलं असेल तर परत पाठव.

साध्वींच्या संघात गेल्यावर तू फोन सोडलास, तेव्हापासून मी शाळेत लिहिलं नव्हतं तेवढं लिहितोय. राजमती आत्या म्हणते, "पोरीनं फोन सोडला आनि बापाचं अक्षर सुदारलं." माझी बहीण आहे, चांगलं बोलतानाही चिमटा काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

इकडे सगळं ठीक. द्राक्षबाग फुलोऱ्यात आहे, पहाटे धुकं पडतं म्हणून धाकधूक असते. माझी तब्येत उत्तम आहे, गुडघा सोडून. आणि त्या गुडघ्याला मी माझ्यात धरत नाही.

तुझं पत्र पोचलं. वडिलांची अनुमती आल्याशिवाय दीक्षेची तारीख धरायची नाही, असं मोठ्या माताजींनी सांगितल्याचं वाचलं. त्याबद्दल सवडीनं लिहितो. आधी जीपचं सांगतो, कारण तेही तूच विचारलं आहेस. दीक्षेआधीच्या मिरवणुकीला, त्या बिनोलीला, रथ नको, हत्ती नको, आपली जीप चालू होत असेल तर तीच आणा, एकदा दीक्षा झाली की जन्मभर वाहनात बसणं नाही, तर शेवटचं आपल्या गाडीत बसेन, असं तू लिहिलंस. सगळी गोम त्या "चालू होत असेल तर" मध्ये आहे.

जीप चालू होत नाही. बेदाण्याच्या शेडमागं, धुरीच्या खोलीला लागून ती इतकी वर्षं उभी होती. बेदाणा पिवळा दिसावा म्हणून आपण गंधक जाळतो. त्या धुरानं बेदाणा पिवळा झाला आणि जीप तांबडी झाली. ताडपत्री ओढली तर डाव्या बाजूचा पत्रा पापडासारखा हातात आला. ड्रायव्हरच्या पायाखाली हे एवढं भोक, त्यातून गवत वर आलेलं. बॉनेटखाली चिमणीचं घरटं होतं. रिकामंच होतं, पण मी दोन दिवस हात लावला नाही. तू असतीस तर महिनाभर लावू दिला नसतास.

ट्रॅक्टरला बांधून सांगली रस्त्यावरच्या दादासोच्या गॅरेजला नेली. त्यानं एक फेरी मारली आणि म्हणाला, "आण्णा, फोरव्हील असती तर पोरांनी सोन्याच्या भावानं न्हेली असती. ही टूव्हील हाय. टूव्हील जीप म्हंजे जीपचा सदरा घातलेला टेम्पो."

म्हटलं, "विकायची नाही. मिरवणुकीला न्यायची आहे."

"ताईंचं लगीन काढलं व्हय?"

मी त्याला पत्र्याचा खर्च विचारला.

तर आता इंजिन उतरवायचं, गंजका पत्रा कापून नवा जोडायचा, चॅसी खरवडायची. घाई करून चालत नाही असं दादासो म्हणतो. तेव्हा माताजींना सांग, तारखेचं जरा थांबू दे.

हल्ली मीही सूर्य मावळायच्या आत जेवतो. तुझी आई होती तोवर तिच्या धाकानं जेवायचो, मग सोडलं होतं, आता परत धरलंय. एकच वाईट, जेवण उरकलं की संध्याकाळ संपता संपत नाही.

तुझे,
आण्णा

&nbsp;

तासगाव,
१६ जानेवारी २०२५

चि. ब्राह्मी,

जय जिनेंद्र. संक्रांत झाली. तिळगूळ पाठवला नाही, कारण तू तीळ सोडलेस की गूळ, हे मला आठवेना. तू एकेक सोडत जातेस आणि मी इथं पाठ करत बसतो.

जीपला रूप आलंय. नवा पत्रा, त्यावर लांबीचा लेप, त्यावर रंग. रंग तोच जुना हिरवा घेतला. हुड सांगलीहून शिवून आणलं, पण बिनोलीला ते काढूनच ठेवायचं म्हणतोय. पहिल्यांदा इंजिन लागलं तेव्हा गॅरेजमधली सगळी माणसं खोकत बाहेर पळाली, इतका धूर. मला तो वास इतका आवडला की मी तिथंच उभा राहिलो. कराडला तुला कॉलेजच्या होस्टेलवर सोडायला जाताना गाडीत हाच वास यायचा आणि तू रुमाल नाकाला लावून मला शिव्या घालायचीस.

आता उंचीचं. हे आत्याचं डोकं. बिनोलीत गल्लीगल्लीत बायका दारात उभ्या राहून तुझी ओटी भरणार. जीपच्या मागच्या बाकावर तू बसलीस की दारातल्या बाईचा हात पोचणार कसा? आत्या सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन गॅरेजमध्ये आली, खरंच आली, आणि मला मागं बसवून माझी ओटी भरून बघितली. चवड्यावर उभी राहिली तरी तांदूळ माझ्या गुडघ्यावर. दादासोची माणसं हसून लोळायची बाकी होती. मी पण हसलो. त्या दिवशी घरी आल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं, तर सांगायला कुणी नव्हतं.

म्हणून जीप खाली बसवायची ठरली. दादासो म्हणाला, "माज्याकडं पोरं जीप वर उचलून घ्याय येत्यात, मोठी टायरं लावत्यात. खाली बसवा म्हनलेलं तुमी पयलंच गिऱ्हाईक." त्यानं चारी कमानपाट्यांतले काही पाटे काढले, उरलेल्यांचा बाक उतरवून घेतला. गाडी चांगली वीतभर खाली आली. आत्याचा हात पोचला. पण शेडच्या वाटेवर जी मोरी आहे, तिच्या उंचवट्यावर पोट घासलं. म्हटलं, थोडी वर घे. वर घेतली तर हात पोचेना. परत खाली. आत्या वैतागली. "आज खाली, उद्या वर. जीप हाय का पाळणा?"

त्यामुळं अजून काम चालू आहे. तू अनुमतीचं परत विचारलंस. अगं, गाडीच तयार नाही, तर अनुमती देऊन काय करायचं?

थंडी आहे. अनवाणी चालतेस, पायांना काही लावायला चालतं का, तेवढं कळव.

तुझे,
आण्णा

&nbsp;

तासगाव,
२३ मार्च २०२५

ब्राह्मी,

तुझ्या मागच्या पत्रात एकच ओळ होती. "आण्णा, जीप कुठवर आली?"

जीप आली होती, बाळ. तुझ्या पाठीमागं आली होती. तू बघितलं नाहीस.

आता सांगतोच. दादासोचं काम संक्रांतीलाच संपलं होतं. घाई करून चालत नाही, असं तो कधी म्हणालाच नव्हता. मोरीवर पोट घासतं हे खरं, पण आपल्या गल्लीत मोरी नाही आणि मिरवणूक काही शेडवर जाणार नव्हती. वर कर, खाली कर, हे सगळं माझं. शेवटी दादासो म्हणाला, "आण्णा, ह्या पाट्यांला आता माजी कीव यायला लागलीया," आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी जीप घरी आणून दारात लावली आणि तुला लिहिलं, काम चालू आहे.

मग गेल्या आठवड्यात कळलं की संघ म्हैसाळकडं निघालाय. मी पहाटे उठलो, आंघोळ केली, देवदर्शन केलं आणि जीप काढली. मागच्या बाकावर तुझी पुण्याची बॅग ठेवली होती. तू कपडे वाटून टाका म्हणाली होतीस, मी वाटले नव्हते. तुला आणायला निघालो होतो, ब्राह्मी. रस्त्यात गाठायचं, हॉर्न वाजवायचा, तू वळलीस की म्हणायचं, बस गाडीत, घरी चल. एवढंच ठरवलं होतं. त्याच्या पुढचं काही ठरवलं नव्हतं. तू बसलीच असतीस असं मला मिरजेपर्यंत पक्कं वाटत होतं.

उजाडता उजाडता तुम्ही दिसलात. पुढं माताजी, मागं तुम्ही तिघी-चौघी, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. तुला पाठमोरी ओळखायला मला वेळ लागला, हे लिहितानाही लाज वाटते. लहानपणापासून तुझ्या चालण्यात घाई. शाळेत घाई, कराडात घाई, पुण्याच्या नोकरीत तर तू फोनवरसुद्धा पळत असायचीस. म्हणून मी त्या घाईला शोधत होतो आणि ती कुणातच दिसेना.

मग ओळखलं. मी हॉर्नवर हात ठेवला आणि पहिल्या गियरमध्ये तुझ्या मागं मागं चालवत राहिलो.

उंच गाडीतून माणसाची डोकी दिसतात. खाली बसवलेल्या जीपमधून मला तुझ्या टाचा दिसत होत्या. उन्हाळ्यातल्या बांधासारख्या भेगा पडल्यात त्यांना. तुझ्या आईनं या पायांना तेल लावलेलं मी बघितलंय. मला रडू आलं, आणि रडताना जीप चालवायची म्हणजे फार अवघड. एका ठिकाणी तुम्ही सगळ्या थांबलात, खाली बघितलंत आणि कडेनं वळसा घालून गेलात. मी तिथं पोचलो तर मुंग्यांची रांग होती. मी पण चाकं वळवली. रांग वाचली की नाही देव जाणे, टूव्हील असली तरी चाकं चारच असतात.

तिथं झेंडा घेतलेले एक गृहस्थ धावत माझ्याजवळ आले. "काका, लय बरं झालं आलासा. अशीच गाडी मागं ठेवा. उसाचे ट्रॅक्टर पार अंगावर येत्यात ओ." त्यांना वाटलं मी सेवेला आलोय. मी मान हलवली. मग मागनं येणारे ट्रॅक्टर माझ्या जीपला बघून बाजूनं जायला लागले आणि मला तेवढ्यात बरं वाटायला लागलं, की चला, काहीतरी उपयोग झाला.

ते गृहस्थ माझ्या बाजूनं चालत होते. त्यांनी विचारलं, "तुमी कुनाचे म्हनायचे? संगातल्या कुनाचे पावनं?"

मी म्हणालो, "कुणाचा नाही. असाच आलोय, गाडी घेऊन."

का म्हणालो? हो, त्या तिसऱ्या मुलीचा बाप आहे, असं म्हटलं असतं तर त्यांनी तुला हाक मारली असती. तू वळली असतीस, हसली असतीस, आणि मला विचारलं असतंस, "आण्णा, अनुमती द्यायला आलात?" म्हणून मी तुला नाकारलं. तुझ्या पाठीमागं, तुला ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

थोडं पुढं गेल्यावर इंजिन तापलं. जुन्या जीपला पहिल्या गियरमध्ये एवढं चालवलं की पाणी उकळणारच. मी गाडी बाजूला घेतली. झेंडेवाले म्हणाले, "ऱ्हावा तुमी, आमी जातो म्होरं," आणि तुम्ही गेलात. रेडिएटरचं झाकण लगेच उघडता येत नाही, वाफ तोंडावर येते. निवेपर्यंत बसून राहावं लागतं. मी बसून राहिलो. तुम्ही वळणावरून दिसेनाशा झालात, तरी बसून राहिलो.

मला इतके दिवस वाटत होतं की तू पळून चालली आहेस. आई गेली, पुण्यात मन रमलं नाही, बापाशी दोन शब्द बोलायला बाप घरात नसायचा, म्हणून पळालीस. पण पळणारं माणूस असं चालत नाही. मी बेदाण्याच्या बाजारात माणसं बघूनच म्हातारा झालोय, मला तेवढं कळतं. तू कुठंतरी पोचल्यासारखी चालत होतीस. अडून बसलोय तो मी, दारात जीप लावून.

अक्षय्य तृतीयेची तारीख माताजींना चालत असेल तर धरा. बिनोली आपल्या गल्लीतून निघेल. जीप मी चालवीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. आत्यानं घरोघरी सांगायला सुरुवातसुद्धा केली आहे, माझी वाट न बघता. तुझी बॅग मी काल रिकामी केली. कपडे गरजू मुलींना दिले. एक निळी ओढणी ठेवून घेतली, तेवढी सोडायला मला कुणी सांगू नये.

मला भीती वाटते, ब्राह्मी, हे सरळ लिहितो. दीक्षेनंतर तुझं नाव बदलेल. मी तुला हात जोडून वंदामी म्हणेन आणि तू मला सगळ्या श्रावकांना देतेस तसा आशीर्वाद देशील, जास्त नाही, कमी नाही. घरी आल्यावर संध्याकाळ असेल. त्याचं मी काय करणार, हे मला अजून माहीत नाही. ते तुझ्यावर टाकत नाही, फक्त सांगून ठेवतो.

त्या दिवशी मांडवात सगळ्यांसमोर माइकवरून विचारतील, दीक्षार्थीचे वडील आलेत का, त्यांची अनुमती आहे का. म्हैसाळच्या रस्त्यावर एका माणसासमोर मला बोलता आलं नाही. मांडवात मी उभा राहीन. आवाज फुटला नाही तर हे पत्र माताजींना दाखव.

अनुमती आहे.

ब्राह्मीचा बाप,
अजितकुमार