अवो म्हणून हाक

१२ फेब्रु., बुधवार
शीतलच्या जुन्या वहीत लिहायलेय. लेकीला कळलं तर हसंल. चौथीपर्यंत शिकले, चुका होतील, कुणाला दाखवायचं न्हाई.
कलबुर्गीच्या दवाखान्यात आज नववा दिवस. ह्यांनी डोळे उघडले. गोठ्यावर पत्रे घालताना पडले तवापासून मिटलेलेच होते. पळत बाहेर आले अन् आत्याबाईला म्हणलं, शुद्धीवर आले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, उदगीरकडच्या, कानडी येत न्हाई. डॉक्टरीणबाई बोलतील ते मीच सांगायचं असं ठरलंय. त्यांनी पायरीवरच बसून हात जोडले. निर्ण्याला, आमच्या गावी, फोन लावला. विहारात खीर करा म्हणल्या.

१३, गुरु.
डॉ. नी बोलावलं. अर्धं इंग्रजी, अर्धं कानडी. अवेक हायत, अवेअर न्हाईत. म्हणलं बाई, नीट सांगा. तर एच्चर इदे, प्रज्ञे इल्ला. म्हणजे जाग हाय पण
पण काय? शुद्ध म्हणावं तर ती मी कालच सांगून बसले. भान म्हणावं तर भान दारू पिणाऱ्याचं जातंय, सकाळी परत येतंय. चित्त? चित्त थाऱ्यावर नसणं तर रोजचंच. डॉ. म्हणल्या, डोळे आपोआप उघडतेत, त्यामागं माणूस हाय का ते बघायचंय. हे कळलं. बुजगावण्याला बी डोळे काढतोतच आपण.
आत्याबाईला सांगितलं, डॉ. बरं हाय म्हणल्या. तिकडं खीर वाटून झालीवती.

१४, शुक्र.
सिस्टर सुनंदा सकाळ-संध्याकाळ ह्यांच्या कानाशी वरडती. माणिकराव, माणिकराव. हे बघतच न्हाईत. ती कागदावर लिहिती.
मी म्हणलं, अगं माणिकराव म्हणतंय कोण ह्यांना? आधार कार्डावरचं नाव हाय ते. आई नान्या म्हणती, गाव नाना म्हणतंय. तिनं नाना म्हणून बघितलं. न्हाई.
"मग अक्का, तुम्ही काय म्हणताव?"
मी काय म्हणणार. नाव एकदाच घेतलंय, लग्नात, बायांनी दार अडवलं म्हणून. नंतर सव्वीस वर्षं नुसतं अवो.
हसली. "मग अवो म्हणा. त्यात काय."
म्हणलं, उद्या.
लाज न्हाई ती. सिस्टरच्या हाकेला बघितलं न्हाई तर ती परकी हाय म्हणता येतंय. माझ्या हाकेला बघितलं न्हाई तर काय म्हणायचं?

१५, शनि.
थोरले भावजी पुण्याहून आले. बोलायचं म्हणून डॉ. नी घटकाभर त्यांना बी माझ्यासंगं आत घेतलं. डॉ. म्हणल्या, मंगळवारपर्यंत बघू. काहीच कळत नसंल तर जेवणाची नळी ठेवून घरी न्या, तिथं सांभाळा. भावजी कॉटचा दांडा धरून म्हणले, "नेऊ. ह्यात आता आपला नाना न्हाई. आईला तू सांग, तुला बोलता येतंय."
मी म्हणलं, व्हय.
हे छताकडं बघत होते.

१६, रवि.
एरवी आत जायला पास एकालाच. तो माझ्याच गळ्यात. आत्याबाईनं आज धरलंच. "शुद्धीवर आलाय तर मला कामून बोलवंना? सुमन, तू काहीतरी गिळायलीस." म्हणलं, औषधाची गुंगी हाय. खोटं. त्यांनी बी वळखलं. डब्यातली भाकर माझ्याकडं सरकवली. "खा. गिळायचंच हाय तर हे गिळ."
शीतलला फोन करून विचारलं, अवेअर म्हणजे काय गं मराठीत? म्हणली, सजग. भंतेजी पौर्णिमेला तेच तर सांगतेत, सजग ऱ्हावा. मी मागं भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची. तवा माझ्यापाशी बी सजगपण नव्हतं म्हणायचं. पण मला कुणी हलवलं की मी उठायची.

१७, सोम.
आज बी हाक मारली न्हाई. दाढी केली ह्यांची. गालात खड्डा पडलाय, वस्तरा फिरंना. लई राग आला. वर चढायला कुणी सांगितलं होतं? शिडी धरायला मला बोलावलं असतं तर... बोलावलं होतं. मी म्हणलं, भाकरी टाकून येते.
उद्या मंगळवार.

१८, मंगळ.
डॉ. समोर उभ्या. मारा हाक. मग शेतात गुरं शिरल्यावर देते तशी हाळी दिली. अवो, ऐकलं का. पलीकडच्या म्हातारीची सून दचकून उठली.
ह्यांचे डोळे छतावरून खाली आले. माझ्यावर थांबले.
डॉ. म्हणल्या, नुसत्या आवाजाला बी फिरतेत. सिस्टरला तेच म्हणायला लावलं, तेवढंच मोठ्यानं. फिरले न्हाईत. परत मी. न्हाई. परत मी. न्हाई. डॉ. नी कागदावर लिहिलं, खोडलं. म्हणल्या, एवढ्यावर काहीच सांगता येईना, नेऊ नका, आणखी आठवडा बघू.
बाहेर आत्याबाई उभ्याच. "काय म्हणल्या?"
आज शब्द हुडकला न्हाई. बघितलं तेच सांगितलं. माझ्या हाकेला एकदा बघितलं, दोनदा बघितलं न्हाई. शुद्धीवर आले म्हणलं ते खोटं होतं आत्या, मला नीट माहीत नव्हतं.
आत्याबाईनं हात पुढं केला. "दे तो पास. सकाळी मी नान्या म्हणून बघते."
देणार हाय.
एक सांगितलं न्हाई. शनिवारी भावजी 'ह्यात नाना न्हाई' म्हणले तवा बी ह्यांचे डोळे उघडेच होते. माझं व्हय तिथंच झालं, ह्यांच्या उशाशी. इतके दिवस भ्या होतं की ह्यांना काहीच कळत नसंल. आता सगळं कळलं असंल याचं भ्या वाटायलंय.
पहिल्या हाकेला बघितलं. मग दुसऱ्या हाकेला कामून बघितलं न्हाई?